‘असंबद्ध’ हा शेरा नेमका कुणावर?

(अंकुशनगर येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

विषय कळल्यावर एकाने मला विचारलं, “सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. किशोरवयातला स्किझोफ्रेनिया आणि भाषा, हा विषय डॉक्टरांचा. तुम्ही कशाला यात पडता?” प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर आहे तो पीएच.डी.चा, माझ्याकडे गोळी नाही. पण बघा, या आजारातल्या मुलाची पहिली तपासणी डॉक्टर करतच नाही. ती आपण करतो. आई, बाप, मास्तर, वर्गातली पोरं. आणि ती आपण कानाने करतो. मूल काहीतरी बोलतं, आपण ऐकतो आणि निकाल देतो, “काहीही बरळतंय.” शिकलेला माणूस तेच जरा शुद्ध करून म्हणतो, “असंबद्ध बोलतोय.” हा निकाल कशाच्या आधारावर दिला, हे तपासणं मात्र तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं काम आहे. म्हणून आज मी औषधांवर बोलणार नाही. ‘असंबद्ध’ या एका शब्दाची चिकित्सा करणार आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवत होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, मुलाचंही नाही. सहामाही परीक्षेत प्रश्न होता, ‘अनुमान म्हणजे काय ते उदाहरणासह सांगा.’ धूर दिसला म्हणून विस्तव असला पाहिजे, हे उदाहरण मी वर्गात दहा वेळा दिलेलं. या मुलाने लिहिलं ते मला अजून जवळजवळ तसंच आठवतं: “अनुमान धुरावरून करतात. धूर कारखान्याचा आहे. कारखान्याला पाणी लागतं. पाणी डाव्या कालव्याला आहे. डावा हात कामाचा नाही म्हणून मला डावललं. डावलणारे वरून बघतात.”

मी लाल पेनाने त्यावर एक आडवी रेघ मारली, शेजारी ‘असंबद्ध’ असं लिहिलं आणि शून्य दिलं. दिवाळीनंतर मुलगा कॉलेजला आला नाही. मी चौकशी केली नाही. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आपल्याकडे वर्गातली पोरं कमी होतातच. त्यातलाच एक, असं धरून चाललो.

वर्षभराने बसस्टँडवर त्याचे वडील भेटले. मुलाला कानात आवाज येतात, आधी देवऋषी झाले, मग कुणीतरी डॉक्टरचा रस्ता दाखवला, आता गोळ्या चालू आहेत, बरा आहे पण बोलतो कमी, असं त्यांनी सांगितलं. आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “सर, तुमच्या काही लक्षात आलं नव्हतं का?”

आलं होतं. मी लाल पेनाने लिहूनही ठेवलं होतं. फक्त तो शेरा मी उत्तरपत्रिकेवर मारला होता.

आता जरा मागे जाऊ. १८७१ साली एवाल्ड हेकर नावाच्या जर्मन डॉक्टरने वयात येताना सुरू होणाऱ्या एका मनोविकाराचं वर्णन केलं. तारुण्याची ग्रीक देवता हीबी, तिच्या नावावरून त्याने त्याला हीबीफ्रेनिया म्हटलं. मला महत्त्वाचं वाटतं ते असं की हेकरने या तरुण रुग्णांची पत्रं अभ्यासली; त्यातली वाक्यं कशी लांबत जातात, कशी भरकटतात, हे बघितलं. पुढे क्रेपेलिनने हा प्रकार आणि इतर काही प्रकार एका नावाखाली आणले. १९०८ मध्ये ब्लॉयलरने ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द सुचवला आणि १९११ च्या ग्रंथात मांडलं की या आजारात कल्पनांना एकमेकींशी बांधणारे धागे सैल होतात.

इथे आपल्या मराठीने एक घोळ केला. ‘स्किझो’ म्हणजे दुभंग, म्हणून आपण ‘दुभंगलेलं मन’ म्हणालो, आणि नाटक-सिनेमाने त्याचं ‘एका शरीरात दोन माणसं’ करून टाकलं. तसं नाही. इथे एका माणसाचे दोन होत नाहीत. एकाच माणसाच्या आत विचार, भावना आणि बोलणं यांची बांधणी सुटते. अठरा वर्षांच्या आत हा आजार तुलनेने कमी दिसतो, तेराच्या आत तर फारच विरळा. पण जेव्हा दिसतो तेव्हा भाषा अजून घडत असते आणि तेवढ्यातच ती विसकटायला लागते. म्हणून किशोरवयातली गोष्ट वेगळी धरावी लागते.

मग नेमकं काय विसकटतं? आपल्या न्यायशास्त्राकडे यासाठी फार चांगली हत्यारं आहेत. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त वाक्यार्थ कळण्याच्या अटी सांगितल्या आहेत. पहिली आकांक्षा: शब्दांना एकमेकांची गरज असली पाहिजे. नुसतं ‘बैल, घोडा, माणूस, हत्ती’ म्हटलं तर वाक्य होत नाही. दुसरी योग्यता: ‘विस्तवाने झाडाला शिंपण केलं’ असं म्हटलं तर व्याकरण ठीक, पण अर्थ बसत नाही. तिसरी संनिधी: शब्द जवळजवळ उच्चारले पाहिजेत, एक आज आणि एक उद्या, असं चालत नाही. आणि नैयायिक आणखी एक गोष्ट मानतात, ती म्हणजे तात्पर्य. बोलणाऱ्याला काय म्हणायचं आहे, ते.

आता ही मोजपट्टी त्या मुलाच्या उत्तराला लावा. ‘कारखान्याला पाणी लागतं.’ आकांक्षा आहे, योग्यता आहे, संनिधी आहे. विभक्तीचा एकही प्रत्यय चुकलेला नाही. प्रत्येक वाक्य निर्दोष! मोडलंय ते एका वाक्याकडून दुसऱ्या वाक्याकडे जाताना. मागच्या वाक्याचा शेवटचा डबा धरून पुढचं वाक्य निघतं आणि गाडी रूळ बदलते. एका ठिकाणी तर अर्थ सुटतो आणि फक्त आवाज उरतो: डावा, डावललं. मेंदूला इजा होऊन वाचा जाते त्यात बहुतेक वेळा शब्दच सापडत नाहीत किंवा व्याकरण ढासळतं. इथे व्याकरण बरंचसं शाबूत राहतं आणि तात्पर्य निसटतं.

हे झालं सरळ दिसणारं लक्षण. काही मुलं स्वतःचेच शब्द तयार करतात. काही विचारलेल्या प्रश्नाच्या आजूबाजूने फिरतात, प्रश्नाला हात लावत नाहीत. अगदी टोकाला सगळ्याची खिचडी होते. आणि एक लक्षण असं आहे की जे कुणाच्याच कानावर पडत नाही, कारण त्यात आवाजच नसतो: बोलणं आटत जातं. पूर्वी शेतातून आल्यावर दिवसभराचं सांगणारा पोरगा ‘हं’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ एवढ्यावर येतो. आपण म्हणतो, वय आहे, मोबाइल आहे, शहाणा झाला.

१९७९ मध्ये नॅन्सी अँड्रिअसन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी अशा लक्षणांचे अठरा प्रकार पाडून मोजणीची पद्धत दिली. आणि त्यांनीच दाखवलं की यातली बरीच लक्षणं उन्मादाच्या रुग्णांतही सापडतात. म्हणजे नुसत्या भाषेवरून निदान करता येत नाही. नशा असू शकते, नैराश्य असू शकतं, दुसरा काही आजार असू शकतो. भाषा फक्त एवढंच सांगते की आता तपासायला न्या.

आता वादाचा मुद्दा. १९७४ साली इलेन चायका या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी लिहिलं की काही रुग्णांत भाषेची यंत्रणाच मधूनमधून बिघडते. पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी उत्तर दिलं की तुम्ही दाखवलेल्या बऱ्याचशा चुका धडधाकट माणसंही रोज करतात. बिघाड असेल तर तो विचारांत आहे, भाषेत नव्हे. दोन्ही बाजू हुशार होत्या. पण मला वाटतं दोन्हीकडे तिसरा माणूस विसरला गेला. तो म्हणजे ऐकणारा. १९७९ मध्ये शेरी रॉचेस्टर आणि मार्टिन यांच्या पुस्तकाने नेमकं तिथे बोट ठेवलं. विचार कुणाला दिसत नाही. दिसतं, ऐकू येतं ते बोलणं. ऐकणाऱ्याला धागा सापडला नाही की तो म्हणतो, बोलणाऱ्याच्या विचारात बिघाड आहे. म्हणजे आपण आपल्या गोंधळावरून त्याच्या डोक्याचं अनुमान करतो. धूर आपल्या कानात आणि विस्तव त्याच्या मनात! अनुमान चुकीचंच असतं असं नाही. पण ते अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे, एवढं तरी भान पाहिजे.

आणि ऐकणाऱ्याचे कान स्वच्छ असतात का हो?

उदाहरण घ्या. मनाची तपासणी करताना म्हणीचा अर्थ विचारायची जुनी पद्धत आहे. ‘नाचता येईना अंगण वाकडं.’ मुलाने सांगितलं, ‘अंगण सारवून सपाट करावं लागतं’, तर समजायचं की याला लाक्षणिक अर्थ कळत नाही. अहो, पण या मुलाने ही म्हण कधी ऐकली आहे का? घरात कोणती बोली आहे? वर्षातले पाच-सहा महिने उसाच्या फडात कोपीवर काढलेल्या पोराला अंगण सपाट करणं हाच अर्थ आधी सुचला तर तो आजार नव्हे, अनुभव आहे. कोणत्याही जाणत्या डॉक्टरने एका म्हणीवर निकाल देऊ नये, आणि जाणते देतही नाहीत.

तसंच आवाजाच्या जुळणीचं. नुसतं यमक ऐकून घाबरायचं म्हटलं तर निम्मी मराठी माणसं दवाखान्यात भरती करावी लागतील. आपण चहाबिहा पितो, पाणीबिणी मागतो, लग्नात उखाणे घेतो. जुळणी अर्थाच्या मागून येते तोवर ती भाषेची गंमत. अर्थाला ढकलून जुळणीच पुढे धावायला लागली तर कान टवकारायचे.

आता यंत्रांकडून फार अपेक्षा आहेत. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संशोधक गटाने आजाराचा धोका असलेल्या ३४ तरुणांच्या मुलाखती संगणकाला दिल्या. वाक्यावाक्यांतला अर्थाचा सांधा आणि वाक्यरचनेची गुंतागुंत मोजून, पुढे आजार झाला ते पाच जण संगणकाने बरोबर वेगळे काढले. बातमी मोठी झाली. तर्कशास्त्राचा मास्तर म्हणून मी एवढंच म्हणेन की पाच हा आकडा छोटा आहे. आणि ती भाषा इंग्रजी होती. इंग्रजीत ‘ही’, ‘शी’ नीट वापरलं का, हे मोजता येतं. मराठीत ‘ती’ न म्हणताही ‘आली’ म्हणून भागतं. कोण आली ते क्रियापदाचं लिंग सांगतं. म्हणजे आपल्याकडे कान कुठे लावायचा? नवीन नाव न घेता ‘आली’चं अचानक ‘गेले’ होतं तिथे. हे इंग्रजी मोजपट्टीतून येणार नाही. मराठवाड्यातला पंधरा वर्षांचा मुलगा नेहमी कसा बोलतो, त्याचे भरपूर नमुने आधी हाताशी पाहिजेत. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. त्यांनी हे काम घेतलं तर मराठीवर उपकार होतील.

इथवर मी ‘असंबद्ध’ म्हणून ऐकणं बंद करणाऱ्यांवर बोललो. आता दुसऱ्या टोकाची चूक. ही आमच्यासारखे वाचणारे लोक करतात.

‘देवराई’ हा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. २००४ चा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. अतुल कुलकर्णीने शेष उभा केला, सोनाली कुलकर्णीने त्याची बहीण. या सिनेमाने ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द मराठी घरात आणला आणि घरच्यांची ओढाताण खोटेपणा न करता दाखवली, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. माझी तक्रार एकच. शेषच्या मनातली देवराई इतकी सुंदर आहे की प्रेक्षकाला त्याचं बोलणं कळतं. कळतं म्हणण्यापेक्षा आवडतं. आजाराला एक रूपक मिळालं की आपल्याला हायसं वाटतं. पण माझ्या विद्यार्थ्याकडे देवराई नव्हती. कारखाना होता, कालवा होता आणि वरून बघणारे होते. त्या बोलण्यात कविता शोधणं हाही न ऐकण्याचाच एक प्रकार आहे. मर्ढेकरांनीही मराठी वाक्य मोडलं. पण कवी वाक्य मोडतो तेव्हा त्याला ते परत जोडताही येतं. या मुलाच्या हातात ती निवड नसते. तिथे स्वातंत्र्य नाही, भीती आहे.

मग त्याचं दैवत करणं किंवा भूत करणं, या तर जुन्याच वाटा. ‘अंगात आलं’ म्हणून हळदीकुंकू लावतात, नाहीतर भूत उतरवायचं म्हणून मारतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे गावागावांत सांगितलं पाहिजे.

मात्र आपल्याच परंपरेत याहून शहाणं एक उदाहरण आहे. तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभू होते, चक्रधरांचे गुरू. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी गोळा केल्या. त्यात लोक त्यांना वेडे म्हणतात, झपाटलेले म्हणतात आणि आईबापही म्हणतात. गैरसमज नको. मी निदान करायला बसलेलो नाही. तो महानुभावांच्या श्रद्धेचा विषय आहे, आणि सातशे वर्षांपूर्वीच्या विभूतीला आजच्या आजाराचं लेबल लावणं हा उर्मटपणा होईल. मी बघतोय तो लिहिणाऱ्याची शिस्त. समोर कोण होतं, काय घडलं, तेव्हा ते काय बोलले, हे तो लिहितो. लोकांना विचित्र वाटलेलं गाळत नाही, गुळगुळीत करत नाही. मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीला ही शिस्त आहे. मी मात्र लाल पेन घेऊन बसलो होतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. एक वही करा.

मुलाच्या बोलण्यात बदल वाटला तर ‘बरळतो’ असं लिहू नका. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा. शुद्ध करू नका. तारीख टाका. आधी काय विचारलं होतं, तेही लिहा. आणि तुलना पुस्तकी मराठीशी करू नका, त्याच्याच आधीच्या बोलण्याशी करा. सहा महिन्यांपूर्वी तो कसा बोलायचा? त्याच्या दोस्तांना त्याचं बोलणं कळतं का? पोरांची आपसातली भाषा आपल्याला कळत नाही, पण त्यांची त्यांना कळते. दोस्तही म्हणायला लागले की ‘हा काय बोलतो कळत नाही’, तर ती गोष्ट गंभीर. जोडीला झोप उडाली, अभ्यास कोसळला, एकटा हसतो, संशय घेतो, कानात आवाज येतात असं असेल तर वाट बघू नका. मरणाची भाषा बोलला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दाखवा.

त्याच्याशी वाद घालू नका. ‘वरून कुणी बघत नाही’ हे सिद्ध करत बसलात तर तुम्ही हराल. हसूही नका. आखूड, सरळ प्रश्न विचारा आणि उत्तराला वेळ द्या.

इथे आपल्या भागाची एक अडचण आहे. तुलना करायची तर आधीचं बोलणं ऐकलेला माणूस लागतो. दिवाळीच्या सुमारास गाव सोडून उन्हाळ्यात परतणाऱ्या टोळीतल्या पोराची भाषा सलग ऐकलेला मास्तर कुठून आणायचा? इथली शाळा म्हणते गेला, तिथली म्हणते नवीन आहे. म्हणून ती वही घरच्यांबरोबर फिरली पाहिजे. लिहिता येत नसेल तर मोबाइलमध्ये तारीख बोलून सांगून ठेवा. पण ते गावभर पाठवण्यासाठी नाही हं, डॉक्टरांना सांगण्यासाठी.

मदत लांब आहे, हे खरं. राज्यातली चार जुनी मोठी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. पण सुरुवात जिल्हा रुग्णालयापासून करता येते. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसची मोफत सेवा २०२२ पासून आहे, मराठीत बोला. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी यंत्रणेतून उपचार मिळणं हा तुमचा हक्क आहे. कुणाची मेहेरबानी नाही.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. ‘असंबद्ध’ म्हणजे ज्याचा संबंध नाही ते. पण संबंधाला दोन टोकं लागतात. एक टोक आजाराने त्या मुलाच्या हातातून सुटत होतं, हे खरंच आहे, आणि ते परत धरायला त्याला औषध लागणार होतं. माझ्या शहाणपणाने ते झालं नसतं. दुसरं टोक मात्र माझ्या हातात होतं. मी त्याला वर्गाबाहेर बोलावून एवढंच विचारायला हवं होतं, “बाळा, वरून कोण बघतं रे?” त्याने सांगितलं असतं असं मला वाटतं. मग मी त्याच संध्याकाळी त्याच्या वडिलांकडे गेलो असतो आणि त्यांचं वर्ष वाचलं असतं.

त्या वडिलांना मी बसस्टँडवर काय उत्तर दिलं? “नाही हो, लक्षात नाही आलं,” असं म्हणालो. ते खोटं होतं. आज इतक्या वर्षांनी तुमच्यासमोर दुरुस्त करतोय.

समोर काही शिक्षक बसलेत. उद्या तुमच्या हातात सहामाहीचे गठ्ठे येतील. एखादं उत्तर असं आढळलं तर गुण काय द्यायचे ते द्या. पण पेपर बाजूला ठेवा आणि मुलाला हाक मारा.

 आता तुमचे प्रश्न असतील तर विचारा.